बत्तीस मीटर

रायपूरहून आलं की आधी चाकं थंड होतात, मग इंजिन,
मग मी.
त्याच्याही आधी फोन वाजतो.

कापसीच्या यार्डात सकाळचे पावणेसात,
ताडपत्रीवरचं दव अजून तसंच,
आणि माझा निकाल लागलेला:
शंभरपैकी एकाहत्तर.
देवरीच्या उतारावर वेग जास्त.
साकोलीच्या पुढं ब्रेक जोरात, दोनदा.
पोरगा दहावीला आहे. त्याचे मार्क मी विचारत नाही,
तो मात्र माझे रोज विचारतो.

पहिले सहा महिने मी भांडलो.
"नीलगाय आडवी आली, ताई. तुमच्या मशीनले दिसली का?"
"नाही दिसली, काका."
"मंग मार्क कायचे कापता?"
कंटेनरच्या ऑफिसात बसलेली कुंदा हेडाऊ
शांतपणे लिहून घ्यायची: नीलगाय.
तिच्या वहीत माझ्या नावापुढं अख्खं जंगल जमलं होतं,
रानडुक्कर, कोल्हा, उलट्या बाजूनं आलेला ट्रॅक्टर,
कंदील नसलेला सायकलवाला,
आणि एकदा, खरं सांगतो, समोर काहीच नव्हतं
तरी मी रानडुक्कर सांगितलं.

मग तो मंगळवार.
"बसा काका," ती म्हणाली.
एरवी बसा म्हणत नाही.

मौद्याच्या अलीकडे, चार वाजून तेरा मिनिटं.
ब्रेक नाही. वेग अठ्ठावन्न, नियमात.
गाडी सरळ.
फक्त डोळे बंद. दोन सेकंद.

शक्यच नाही, मी म्हटलं.
मला सगळा रस्ता आठवत होता,
लाखनीचा बंद पेट्रोल पंप, वैनगंगेवरचं धुकं,
पुढच्या ट्रकच्या मागं रंगवलेली तीन पोरींची नावं.
तिनं स्क्रीन माझ्याकडं वळवली.

झोपलेला मी, मी पहिल्यांदाच पाहिला.
तोंड जरासं उघडं. कपाळावरची आठी गेलेली.
हा चेहरा आईला माहीत होता, बायकोला असेल.
हात मात्र स्टिअरिंगवर, इमानदार.
किती सुखात होता तो माणूस
मागं एकवीस टन सळया घेऊन.

कुंदानं वही उघडली नाही.
मलाही कुठलं जनावर सुचलं नाही.
एका चिठ्ठीवर तिनं हिशेब मांडून दिला:
बत्तीस मीटर.

पंक्चरवाल्या सुभानकडं टेप मागितला.
"कायले पाह्यजे?"
"जागा मोजाची हाये."
"प्लॉट घेऊन राह्यले का काका?"
"हो. मौद्याजौळ."

टेप पाच मीटरचाच. सहा वेळा टाकला, वर दोन मीटर.
माझ्या बंपरपासून निघालो:
ऑइल सांडलेली काळी जमीन,
एकावर एक दोन टायर,
अंगावर बादली ओतून घेणारा क्लीनर,
चहाची टपरी, बाकावरची तिघं,
पायाशी पोतं टाकून गृहपाठ करणारी टपरीवालीची पोर.
"आजोबा, टेप उचला नं. माह्या वहीवर आला."

उचलला.
शेवटच्या दोन मीटरांत काहीच नव्हतं,
तिथं मी बराच वेळ उभा राहिलो.

पुढच्या ट्रिपला लाखनीला गाडी बाजूला घेतली,
चाकाला दगड लावले,
काच चार बोटं खाली ठेवून आडवा झालो.
बावीस मिनिटं.

सकाळी फोन: शंभरपैकी अडुसष्ट.
परवानगीशिवाय थांबा. कारण द्या.

कुंदानं पेन उघडलं. मी वहीच मागितली.
माझ्या हातानं लिहिलं: झोप.
इतकं दाबून, की मागच्या पानावर उमटलं,
जिथं नीलगाय होती.

"मार्क तर कापल्या जातीन, काका."
"काप," मी म्हटलं,
आणि पोराला फोन लावला,
अडुसष्ट सांगायला.